‘आम्ही केलं’ म्हणजे नेमकं कुणी केलं?

पदविकेचे निकाल लागले की या सदराचं टपाल बदलतं. एरवी रजा, पीएफ, साहेबांशी बिनसलेलं असं काहीबाही असतं. या दिवसांत मात्र दर दुसऱ्या पाकिटात पहिली मुलाखत असते. मी भोसरीच्या एमआयडीसीत गिअरचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात २८ वर्षं होते, आधी टाइम ऑफिसला, मग एचआरमध्ये. घामेजल्या हातांनी फाइल धरून बसलेली, पहिल्याच नोकरीसाठी आलेली मुलं मी टेबलाच्या अलीकडून पाहिली आहेत. त्यामुळे ही पत्रं लिहिणारं कुणी मला परकं वाटत नाही. यंदाची सहा पत्रं निवडली आहेत. नावं अर्थातच छापत नाही.

प्रश्न : मी गडहिंग्लज तालुक्यातली. यंदा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झाला. कॉलेजात सरावासाठी मुलाखत घेतली, तेव्हा माझ्या तोंडून ‘मी करतो, मी बघतो’ असं गेलं. पॅनेलवरचे एक सर हसले, मग वर्गही हसला. आमच्या घरी सगळ्या बायका असंच बोलतात. पुढच्या आठवड्यात पुण्याला खरी मुलाखत आहे आणि तोंड उघडायचीच भीती बसली आहे. इंग्रजीही जेमतेम. नम्रपणे आणि व्यवस्थित बोलायचं म्हणजे नेमकं कसं बोलायचं? प्रोजेक्टची माहिती सोबत जोडली आहे.

उत्तर : मुली, आधी त्या हसण्याचं बोलू. हसणाऱ्यांचं चुकलं. कोल्हापूरकडे बायका ‘मी जातो’, ‘मी करतो’ म्हणतात, ही तिथल्या मराठीची रीत आहे. माझी मावशी कागलची. ती शेवटपर्यंत ‘मी जेवलो’च म्हणायची, आणि तिच्याइतकं अदबीनं बोलणारं माणूस मी क्वचित पाहिलं. ऑफिसात ‘करते, बघते’ म्हणावं असं तुला स्वतःला वाटत असेल तर मैत्रिणीशी आठवडाभर तसं बोलून बघ. पण मुलाखतीत एखादं ‘करतो’ निसटलं तर थांबून दुरुस्त करत बसू नकोस. उत्तराचा धागा तुटतो, आणि समोरच्याला ऐकायचं असतं ते तुझं काम.

माझं लक्ष वेगळ्याच शब्दावर गेलं. शेतातल्या पंपाचा स्टार्टर मोबाइलवरून चालू-बंद करायचा, असा तुझा प्रोजेक्ट. त्यात लिहिलं आहेस : ‘आम्ही रिले लावला, आम्ही टेस्टिंग केलं, आम्हाला प्रॉब्लेम आला, आम्ही तो सोडवला.’ हा ‘आम्ही’ मला चांगला ठाऊक आहे. आपल्याकडे ‘मी, मी’ करणं बरं दिसत नाही. भाजी चांगली झाली तरी करणारी बाई ‘झालीय खरी आज बरी’ म्हणते, ‘मी केली’ म्हणत नाही. ही सवय मला प्रिय आहे, पण मुलाखत घेणाऱ्याची तिने पंचाईत होते. त्याला चौघांना घ्यायचं नसतं, एकीला घ्यायचं असतं.

१९८९ साली मी कराडहून पुण्याला आयुष्यातल्या पहिल्या मुलाखतीला आले. जागा कारकुनाची होती. समोर दोन गृहस्थ. ‘आजवर काय काम केलंय?’ असं विचारलं. मी म्हणाले, ‘आम्ही कॉलेजच्या शिबिराचा हिशेब ठेवला होता.’ त्यातले वयस्कर गृहस्थ म्हणाले, ‘आम्ही म्हणजे कोण कोण?’ मला तो टोमणा वाटला. मान खाली गेली ती वर आलीच नाही. पुढच्या सगळ्या प्रश्नांना ‘हो’ नाहीतर ‘नाही’. ती नोकरी मिळाली नाही. बऱ्याच वर्षांनी, दुसऱ्या कंपनीत टेबलाच्या त्या बाजूला बसलेली असताना, माझ्याच तोंडून समोरच्या मुलाला तोच प्रश्न गेला : ‘आम्ही म्हणजे कोण कोण?’ तेव्हा उमगलं की त्या गृहस्थांना खरोखर तेवढंच जाणून घ्यायचं होतं. दहा दिवसांच्या शिबिराचा किराणा, दूध, रॉकेल, एसटीचं भाडं, सगळा हिशेब मी एकटीने लिहिला होता आणि शेवटी चार आण्यांचाही फरक आला नव्हता. तेच सांगायचं राहिलं.

आता तुझ्या माहितीतली शेवटची ओळ बघ, जी तू कंसात घालून ठेवली आहेस : सिम मोड्यूल (मोबाइल नेटवर्कशी जोडणारा भाग) सारखं रीसेट व्हायचं, तू सीआरओवर (व्होल्टेजचा चढउतार पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रावर) बघितलंस तेव्हा व्होल्टेज पडत असल्याचं दिसलं. अगं, हेच तर सांगायचं. असं सांग :

‘सर, चौघांचा प्रोजेक्ट होता. रिले आणि स्टार्टरचं वायरिंग दोघांनी केलं, प्रोग्रॅम एकाने लिहिला. पॉवर सप्लाय माझ्याकडे होता. मोड्यूल नेटवर्क पकडताना रीसेट व्हायचं. मी लॅबमधल्या सीआरओवर पाहिलं, तर त्या क्षणी व्होल्टेज खाली जात होतं. ते मोड्यूल क्षणभर दोन ॲम्पिअरपर्यंत करंट ओढतं आणि आमचा अडॅप्टर एक ॲम्पिअरचा होता. मी अडॅप्टर बदलला, मोड्यूलजवळ मोठा कपॅसिटर लावला, आणि रीसेट होणं थांबलं.’

यात बढाई कुठे आहे? इतरांचं श्रेय इतरांकडे राहिलं, तुझं काम तुझ्या नावावर आलं. ‘आमचा अडॅप्टर’ तसाच राहू दे, तो खरंच चौघांचा होता.

नम्रपणाचं विचारलंस. मराठीत नम्रपणा ‘प्लीज’मध्ये नसतो, क्रियापदाच्या शेवटात असतो. ‘काय?’ म्हणण्याऐवजी ‘सर, शेवटचं नीट ऐकू आलं नाही, पुन्हा सांगाल का?’ ‘थांबा’ऐवजी ‘जरा विचार करून सांगते.’ घरी मोठं माणूस आलं की तू हेच बोलत असशील, नवीन काही शिकायचं नाही. ‘सर’ किंवा ‘मॅडम’ उत्तराच्या सुरुवातीला एकदा पुरे. प्रत्येक वाक्याला ‘येस सर, येस सर’ आलं की ऐकणाऱ्याला त्यातून उत्तर वेचावं लागतं.

आणि वाक्य पुरं कर. हे मी फार मुलांना सांगत आले आहे. घाबरलं की आवाज वाक्याच्या शेवटी विरतो. मराठीत क्रियापद शेवटी येतं. म्हणजे ‘केलं’, की ‘करणार होतो’, की ‘जमलं नाही’, नेमकं तेच गिळलं जातं. घरी आईला स्वयंपाकघरात बसव, स्वतः बाहेरच्या खोलीत बस आणि उत्तरं म्हण. शेवटचा शब्द तिला ऐकू आला पाहिजे.

इंग्रजीचं. ‘मायसेल्फ अमुक, आय बिलाँग टू तमुक, माय स्ट्रेंग्थ इज हार्ड वर्क’ हा पाठ केलेला उतारा सोडून दे. मध्ये एक शब्द अडला की पुढचं सगळं अडतं. त्यापेक्षा तुझी स्वतःची तीन छोटी वाक्यं तयार कर : नाव, कुठे काय शिकले, कुठलं काम करताना मन रमलं. पुढे अडलं तर आधी विचार, ‘सर, हा टेक्निकल भाग मराठीत सांगितला तर चालेल का?’ माझ्या अनुभवात बहुतेक जण हो म्हणतात. आमच्या शॉपफ्लोअरवर दिवसभर मराठी आणि हिंदीच चालायची. एखाद्याने इंग्रजीतच बोला म्हटलं तर तुटक का होईना, बोल. डेटाशीट, म्हणजे भागाची तांत्रिक माहिती देणारा कागद, मात्र इंग्रजीतच असते, ती वाचता येते का हे ते बघणार, म्हणून त्या मोड्यूलची डेटाशीट पुन्हा एकदा वाचून जा.

निघताना ‘थँक यू सर, येते.’ ‘जाते’ नको. आणि ‘येतो’ म्हणालीस तरी तुझं माप कमी होत नाही.

प्रश्न : मी परभणी जिल्ह्यातला, वडील शेती करतात. मुलाखतीत पगाराची अपेक्षा विचारली. मी म्हणालो, ‘तुम्ही द्याल तो.’ त्यांनी वर्षाला ३ लाख सीटीसी सांगितलं. मी घरी महिना २५ हजार सांगून बसलो. आता पत्रात हातात साधारण साडेवीस हजारच दिसतात. मला फसवलं का? शिवाय मूळ गुणपत्रिका जमा करायला सांगितल्या आहेत.

उत्तर : पगारात फसवलेलं दिसत नाही. पण तू विचारलं नाहीस आणि त्यांनी उलगडून सांगितलं नाही. तू पाठवलेले आकडेच मांडते. सीटीसी म्हणजे कंपनीचा तुझ्यावरचा एकूण खर्च. तो महिन्याला २५,००० रुपये, त्यात मूळ पगार १५,०००. कंपनीचा पीएफचा वाटा १२ टक्के, म्हणजे १,८०० रुपये, तो याच २५ हजारांत धरला आहे. ग्रॅच्युइटीपोटी ७२१ रुपयेही त्यातच धरले आहेत. ती रक्कम सहसा किमान पाच वर्षं नोकरी करून सोडताना हातात येते. राहिले २२,४७९. त्यातून तुझा पीएफचा वाटा १,८०० आणि व्यवसाय कर २०० जातो. हातात २०,४७९. पीएफचा तुझा वाटा तुझ्याच खात्यात जमा होतो, कंपनीच्या वाट्यातला बराचसा भाग तुझ्या नावाने पेन्शन योजनेत जातो, ते पैसे बुडाले असं समजू नकोस. आईवडिलांनाही असंच कागदावर मांडून दाखव.

‘तुम्ही द्याल तो’ तू का म्हणालास हे मला कळतं. मोठ्यांसमोर पैशाचं काढणं तुला बरं वाटलं नाही. पण तुझे वडील सोयाबीन घेऊन बाजार समितीत जातात तेव्हा भाव विचारतात, हमाली-तोलाई किती कापणार तेही विचारतात. त्यात कुणाचा अपमान होत नाही. तसंच इथे. कामाचं बोलून झाल्यावर, शांतपणे : ‘सर, या जागेसाठी तुमच्याकडे साधारण काय पगार असतो? त्यातला हातात किती येतो?’ किंवा स्वतःचा आकडा सांगायचा तर, ‘इथे खोली, जेवण, जाणं-येणं धरून मला हातात २० हजारांच्या आसपास लागतील.’ आकड्यामागे हिशेब असला की तो उद्धट वाटत नाही. आणखी एक आवर्जून विचार : कंपनीच्या पटावर घेताहेत की अप्रेंटिस म्हणून? अप्रेंटिसला पगार नसतो, विद्यावेतन असतं, आणि त्याचे नियम वेगळे.

मूळ गुणपत्रिका देऊ नकोस. ‘सर, मूळ कागद तपासायला आणले आहेत. छायाप्रतींवर सही करून देतो’ असं म्हण आणि मूळ कागद परत फाइलमध्ये ठेव. त्यांनी पुन्हा मागितले तर हेच वाक्य, याच आवाजात, पुन्हा. कागद अडकलेली मुलं दुसरीकडे चांगली नोकरी मिळूनही जाऊ शकली नाहीत, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. इथे भिडेला बळी पडू नकोस.

प्रश्न : माझा मुलगा बीकॉम झाला. नाशिकला मुलाखत आहे. आत गेल्यावर साहेबांच्या पाया पडावं असं मला वाटतं, तो नको म्हणतो. आणि त्याचे वडील सोबत आत गेले तर चालेल का? तो फार बुजरा आहे. (एक आई, चाळीसगाव)

उत्तर : ताई, मुलाचं बरोबर आहे. हात जोडून ‘नमस्कार’ पुरे. पाया पडलं की समोरचं माणूस अवघडतं. त्याला नाही म्हणायचं असेल तर आणखी अवघड होतं. घरातून निघताना तुमच्या पाया पडू दे.

वडिलांनी नाशिकपर्यंत जरूर जावं, पण गेटपर्यंतच. माझ्यासमोर एकदा वडील मुलाशेजारी बसले आणि मुलाला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तेच देऊ लागले. फार काळजीने बोलत होते, त्यांना थांबवणं जिवावर आलं. मी त्यांना कँटीनमध्ये चहाला पाठवलं. मग तोच मुलगा वीस मिनिटं बोलला, जीएसटीचं रिटर्न कसं भरतात तेही सांगितलं त्याने. गावातल्या एका दुकानाचा हिशेब तो बारावीपासून बघत होता. वडिलांना ते माहीत होतं, पण सांगण्यासारखं वाटलं नव्हतं.

प्रश्न : सोलापूरहून लिहिते आहे. केमिस्ट्रीत बीएस्सी, औषध कंपनीत क्यूसीच्या (गुणवत्ता तपासणीच्या) जागेसाठी मुलाखत दिली. मध्येच विचारलं, ‘लग्न कधी करणार? मग नोकरी सोडणार का?’ मी लाजून ‘सध्या नाही’ म्हणाले आणि नंतर दिवसभर स्वतःवरच चिडले. याला नम्र उत्तर काय?

उत्तर : हा प्रश्न विचारायचाच नसतो. माझ्या पॅनेलवर मी तो विचारू देत नसे, त्यावरून सहकाऱ्यांशी वादही झाले. त्यामागे बहुधा बाळंतपणाच्या रजेची धास्ती असते. २०१७ पासून पहिल्या दोन बाळंतपणांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा कायद्यात आहे. ती मिळण्याआधीच, मुलाखतीच्या खुर्चीत, तू तिची किंमत मोजायची काही गरज नाही.

पुन्हा कुणी विचारलं तर त्यातल्या कामाच्या भागाला उत्तर दे : ‘सर, ते घरचं झालं. कामाचं सांगायचं तर मला क्यूसीतच पुढे जायचं आहे. एचपीएलसी मशीनवर मी कॉलेजात थोडं काम केलंय, ते नीट शिकायचंय.’ तरीही मागे लागले तर, ‘याबद्दल मला बोलायचं नाही, सर. कामाबद्दल काहीही विचारा.’ आवाज चढवायचा नाही, हसूनही सोडून द्यायचं नाही. लाजलीस म्हणून स्वतःवर चिडू नकोस. चूक तुझी नव्हती.

प्रश्न : आयटीआय, मशिनिस्ट. मुलाखतीत व्हर्निअर (बारीक मापं घेण्याचं साधन) आणि एक जॉब (मोजायचा भाग) हातात दिला. हात थरथरत होते, रीडिंग चुकलं. मी ‘सॉरी सर, सॉरी सर’ म्हणत राहिलो आणि तिथेच संपलं. (एक वाचक, संगमनेर)

उत्तर : हात सगळ्यांचेच थरथरतात. पुढच्या वेळी करतोस ते तोंडाने बोलत जा : ‘आधी झिरो एरर बघतो. नाहीये. मेन स्केलवर २४. व्हर्निअरची अठरावी रेघ जुळतेय. लीस्ट काउंट ०.०२, अठरा गुणिले ०.०२ म्हणजे ०.३६. एकूण २४.३६ मिलिमीटर.’ मग एखादी रेघ चुकली तरी समोरच्या फोरमनला कळतं की तुला पद्धत येते, चुकली ती नजर. ‘सॉरी’ एकदाच, आणि त्याच्यापुढे लगेच काम : ‘सॉरी सर, चुकलं. पुन्हा घेऊ का?’

आमच्याकडे एक मुलगा जॉब हातात घेऊन म्हणाला होता, ‘मॅडम, इथे उजेड कमी आहे, खिडकीपाशी जाऊन बघू का?’ माझ्याशेजारी बसलेल्या क्वालिटीच्या साहेबांनी रीडिंग ऐकायच्या आधीच त्याच्या नावापुढे खूण केली. अंदाजाने आकडा ठोकून देणारी मुलं त्यांनी खूप पाहिली होती, आणि त्यातून होणारं रिजेक्शनही.

एखादी गोष्ट येतच नसेल तर ‘सर, हे मला माहीत नाही’ हे पुरं वाक्य आहे. त्याला जोडून ‘याच्या जवळचं मी हे केलंय’ असं खरंच काही असेल तर सांग, नसेल तर थांब.

प्रश्न : मुलाखतीला बारा दिवस झाले. ‘कळवतो’ म्हणाले होते. मी फोन केला तर उतावळेपणा दिसेल का? आमच्या वाडीत रेंजचाही त्रास आहे. (एक वाचक, राजापूर तालुका)

उत्तर : कर फोन. सकाळी अकरा-साडेअकराला, पहिली पाळी सुरू होते ती वेळ आणि जेवणाची वेळ टाळ. ‘नमस्कार मॅडम, मी अमुक. बारा दिवसांपूर्वी मेंटेनन्सच्या जागेसाठी मुलाखत दिली होती. दोन मिनिटं बोलू का?’ त्या हो म्हणाल्या की, ‘निर्णय झाला आहे का, की आणखी काही दिवस लागतील?’ एवढंच. नाही म्हणाल्या तर ‘सांगितलंत ते बरं झालं, थँक यू’ म्हणून ठेव. ‘का नाही घेतलं?’ हा प्रश्न त्या क्षणी नको.

त्यांचा फोन आला तर अनोळखी नंबर बघून ‘कोण?’ म्हणू नकोस. ‘नमस्कार, मी अमुक बोलतोय.’ आवाज तुटत असेल तर ‘हॅलो, हॅलो’ करत राहण्यापेक्षा सरळ सांग : ‘मॅडम, इथे रेंज कमी आहे. पाच मिनिटांत मीच याच नंबरवर फोन करू का?’ वाडीत रेंज कुठे पुरी मिळते ते आजच बघून ठेव आणि खिशात कागद-पेन असू दे. तारीख, वेळ, कुठल्या गेटने यायचं, कुणाला भेटायचं, हे लिहून घे आणि फोन ठेवण्याआधी त्यांना परत वाचून दाखव.